हरताळाच्या दिवशी कायद्याचा पेपर

आमच्या शेजारच्या खोलीतले काका बँकेच्या परीक्षेत एकाच पेपरात सात वेळा नापास झाले होते, म्हणून मी त्यांच्याकडे शिकायला गेले.

हे उलटं वाटेल, पण तेव्हा मला दुसरं कोणी मिळण्यासारखं नव्हतं. मी फोर्टातल्या एका बँकेत टायपिस्ट म्हणून लागले होते आणि चार वर्षांनी क्लार्क झाले होते. बँकेत बायका दोनच. एक मी आणि दुसरी टेलिफोनवर बसणारी अँग्लो-इंडियन बाई. तिला परीक्षेशी काही घेणंदेणं नव्हतं. मला होतं. बँकवाल्यांची म्हणून एक परीक्षा असायची, ती पास झाल्याशिवाय ऑफिसरच्या खुर्चीकडे बघायचंसुद्धा नाही असा रिवाज होता. परीक्षेचे दोन भाग. पहिला माझा झाला होता. दुसऱ्यात तीन पेपर, आणि त्यातला शेवटचा बँकिंगच्या कायद्याचा. तो सगळ्यांत अवघड, असं जे पास झाले होते तेही सांगत आणि जे झाले नव्हते तेही सांगत.

आमच्या बँकेत पास झालेले चार-पाच साहेब होते. त्यांतल्या एकांना मी विचारलं, शेवटच्या महिन्यात काय करावं. ते म्हणाले, "तुम्ही कशाला त्रास घेता? तुमचं लग्न होईलच." दुसऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, "अभ्यास करा." यापलीकडे त्यांना काही आठवत नव्हतं.

काका दुसऱ्या एका बँकेत हेडक्लार्क होते. वय पन्नाशीच्या पुढे. मूलबाळ नव्हतं, ते आणि काकू, दोघंच. बाकीचे सगळे पेपर त्यांनी पहिल्या फटक्यात काढले होते. कायद्याचा तेवढा राहिला होता आणि तो सात वर्षं राहिला होता. गिरगावातल्या आमच्या चाळीत त्याची कोणी थट्टा करत नसे. गणपती येतात तसा दर वर्षी काकांचा पेपर यायचा आणि जायचा.

"पास झालेल्याला काय विचारतेस?" काका मला म्हणाले. "तो एकदा गेला आणि आला. त्याला रस्ता माहीत नाही. मी सात वेळा गेलोय."

मला ते पटलं.

आमचा अभ्यास पहाटे पाचला गॅलरीत सुरू व्हायचा. काकांनी कुठल्याशा शाळेच्या लिलावातून एक बाक आणला होता. त्याला पाठ नव्हती. परीक्षेच्या हॉलमध्ये असाच बाक असतो, तेव्हा अंगाला आत्तापासून सवय हवी, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी पहिल्याच दिवशी मला विचारलं, "तीन तास हाताने सलग लिहिलं आहेस का कधी?" मी म्हटलं, मी टायपिस्ट होते. "म्हणजे नाही," ते म्हणाले. "पेपर डोक्याने सुटत नाही, मनगटाने सुटतो. दीड तासानंतर मनगट बोलायला लागतं." त्यांनी मला रोज सहा पानं लिहायला लावली. काय लिहिते याकडे पहिले चार दिवस त्यांनी बघितलंही नाही.

बघायचे ते माझे वडील. ते ठाकुरद्वारच्या बाजूला एका छापखान्यात कंपोझिटर होते. उत्तरं इंग्रजीत असायची आणि वडिलांना इंग्रजी वाक्याचा अर्थ लागत नसे, पण अक्षर न् अक्षर दिसायचं. छपाईचा उलटा खिळा वाचणाऱ्या माणसाला सुलटं अक्षर काय अवघड. ते कामावर जाण्यापूर्वी चहा पिता पिता माझी पानं घेऊन बसत आणि शाईच्या पेन्सिलीने खुणा करत. "हा शब्द वर वेगळा लिहिलायस, खाली वेगळा. दोन्ही बरोबर नसणार." ते कधी चुकले नाहीत. परीक्षकाला कायदा किती समजतो कोण जाणे, पण स्पेलिंग नक्की समजतं, हे मी त्यांच्याकडून शिकले.

पंधरा दिवस राहिले तेव्हा काकांनी माझं कायद्याचं जाडं पुस्तक मागून घेतलं आणि स्वतःच्या ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं. किल्ली काकूंकडे दिली. "आता नवीन काही वाचायचं नाही. शेवटच्या पंधरवड्यात जे नवीन वाचतेस ते जुन्याला ढकलून बाहेर काढतं. फक्त स्वतःच्या टिपणांवरून हात फिरवायचा." मी काकूंकडे एकदा चोरून किल्ली मागितली. काकूंनी दिली नाही. म्हणाल्या, "ते सात वेळा नापास झालेत, पण पुस्तक लपवण्यात कधी चुकलेले नाहीत."

आठ दिवसांवर परीक्षा आली तेव्हा आम्ही दोघांनी घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवला. प्रश्न आठ, त्यातले कुठलेही सहा. वेळ तीन तास. काकांचा नियम असा की पेपर हातात आला की दोनदा वाचायचा, येणाऱ्या सहांवर खूण करायची, आणि एका प्रश्नाला अर्धा तास. अर्ध्या तासाने वाक्य अर्धं असलं तरी पुढच्या प्रश्नाला लागायचं. तीन तासांनी काकूंनी आतून वेळ संपल्याचं सांगितलं. माझे पाच प्रश्न झाले होते. मी काकांची वही बघितली. चौदा पानं भरली होती.

"काका, सहा प्रश्न होते."

"हो."

"तुम्ही दोनच सोडवलेत."

"पण कसे सोडवलेत ते बघ."

मी बघितलं. पहिला प्रश्न रेघा मारलेल्या चेकचा होता. चेकवर दोन तिरप्या रेघा ओढल्या की खिडकीवर त्याचे रोख पैसे मिळत नाहीत, तो कुणाच्या तरी खात्यातच भरावा लागतो. एवढी ती गोष्ट. काकांनी त्या दोन रेघा पहिल्यांदा कुणी आणि का ओढल्या इथपासून सुरुवात केली होती. मधे दोन खटले होते. ते इतकं छान लिहिलं होतं की मी उभ्याउभ्या सगळं वाचून काढलं. मग त्यांना म्हटलं, "अर्ध्या तासाने सोडून द्यायचं, हे तुम्हीच सांगितलंत ना मला?"

"मीच सांगितलं."

"मग तुम्ही का नाही सोडत?"

काकांनी वही मिटली. म्हणाले, "अर्धं उत्तर टाकून पुढे जायचं म्हणजे जेवताना भरल्या पानावरून उठल्यासारखं वाटतं."

सात वर्षं ते नापास का होत होते ते मला त्या दिवशी कळलं. त्यांनाही माहीत होतं.

ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आमच्या वाडीत चळवळीचा सगळा कारभार तळमजल्यावरचा शिंपी बघत असे. कापडावर खुणा करायच्या खडूनेच तो दुकानाच्या दाराच्या आतल्या बाजूला नावं लिहायचा. कुठल्या मजल्यावरून कोण, कुठल्या दिवशी मोर्चाला जाणार. बायकांची वेगळी यादी होती आणि तिच्यात माझं नाव होतं. मला जायचंही होतं. माझ्या वयाच्या सगळ्या जाऊन आल्या होत्या आणि नळावर त्यांच्या बोलण्यात मला भाग घेता येत नसे. पण आई एक दिवस खाली गेली आणि शिंप्याला म्हणाली, "हिचं नाव पूस. हिची परीक्षा आहे."

"परीक्षा सगळ्यांनाच असतात ताई," शिंपी म्हणाला.

"म्हणून तर सांगते. तिच्याऐवजी मी दोनदा जाते."

शिंप्याने विचार केला आणि माझं नाव पुसून आईच्या नावापुढे दोन रेघा ओढल्या. माझी आई तोपर्यंत एकटी चर्नी रोडच्या पलीकडे फारशी गेली नव्हती. तिची पहिली खेप नुसत्या मोर्चाची होती, चार तास चालून ती घरी आली, पाय गरम पाण्यात टाकून बसली आणि म्हणाली, "गर्दी चांगली होती." दुसरी खेप सत्याग्रहाची, म्हणजे अटक करून घ्यायची, असं ठरलं. दिवस ठरलेला नव्हता.

माझे पहिले दोन पेपर शांतपणे झाले. ट्राम चालू होत्या. कायद्याचा पेपर एक दिवस सोडून होता. मधल्या दिवशी काका मला फोर्टातल्या, परीक्षा होती त्या कॉलेजात घेऊन गेले. खरं म्हणजे मी तो हॉल दोनदा बघितला होता, पण काकांच्या मते पेपरच्या आदल्या दिवशी आपली जागा बघून येणं वेगळं असतं. नंबर बदललेले असतात. बाक डगमगतो का ते बघायचं. माझा डगमगत होता. काकांनी खिशातून कागदाची घडी काढून पायाखाली सारली. मग शिपायाला विचारलं की बायकांसाठी काही सोय आहे का. शिपाई म्हणाला, नाही, इथे बायका नसतात. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "सकाळच्या चहानंतर पाणी नाही."

घरी परतलो तेव्हा शिंप्याच्या दुकानासमोर गर्दी जमली होती. उद्या हरताळ. ट्राम बंद, बस बंद, दुकानं बंद. आणि उद्याच वाडीतल्या बायकांची सत्याग्रहाची तुकडी निघणार होती. तिच्यात आई होती आणि काकूही होत्या.

त्या संध्याकाळी, अटक होऊन परत आलेली तिसऱ्या मजल्यावरची एक बाई आईला आणि काकूंना समजावून सांगायला आली. मी बाजूला माझी पेनं धूत बसले होते. ती म्हणाली, जुन्या चपला घाला, नव्या चावतात. पोटभर खाऊन निघा पण जड खाऊ नका. पाणी बेतानं प्या. शेजारच्या बाईचा हात सोडू नका आणि कोणी काही विचारलं तर जास्त बोलू नका. काका दारात उभे राहून ऐकत होते. "बरोबर आहे," ते म्हणाले.

सकाळी आईने माझ्या तळहातावर दही ठेवलं, आणि मग स्वतःच्या तळहातावर ठेवून तेही खाल्लं. आम्ही बरोबरच जिना उतरलो. तिच्या कापडी पिशवीत एक लुगडं, फणी, टॉवेल आणि डोकेदुखीची बाटली होती. माझ्या पिशवीत शाईने भरलेली दोन पेनं, एक साधा टाक, दौत, टीपकागद आणि हॉलचं कार्ड. पेन काठोकाठ भरायचं नाही, उन्हात चालताना गळतं, हे काकांनी बजावलं होतं. खाली आल्यावर आई डावीकडे गेली आणि मी उजवीकडे. वडील छापखान्यात गेले होते. हरताळाचीच पत्रकं छापायची होती, त्यामुळे तो छापखाना उघडा होता.

पेपर अकराला. काका आणि मी आठला निघालो. काकांच्या हिशेबाने चालत तासाभराचा रस्ता, आणि दोन तास हरताळासाठी धरले होते. पहिल्याच नाक्यावर आमचाच शिंपी छातीवर बिल्ला लावून उभा होता. त्याने हात आडवा धरला.

"काका, आज हरताळ आहे. ऑफिसं बंद."

"ऑफिसला नाही. परीक्षेला चाललोय."

"परीक्षा पण बंद ठेवायला सांगायची त्यांना."

"हे बघ," काका म्हणाले, "मी सात वेळा बसलोय. आज आठवी. हिची आई आणि माझी बायको तिकडे अटक करून घ्यायला गेल्या आहेत. घरातल्या दोन बायका दिल्यात तुला. आम्हा दोघांना सोड."

शिंप्याने हात खाली घेतला. एवढंच नाही, हमरस्त्याने जाऊ नका, पुढे पोलीस आहेत, असं सांगून त्याने आम्हाला एका वाडीतून आत घातलं. ती वाट मागच्या बाजूने पुन्हा रस्त्यावर निघत होती. आम्ही तिथून बाहेर पडायला आणि समोरून माणसं धावत यायला एकच गाठ पडली. मग दोन-तीन आवाज झाले आणि पांढरा धूर जमिनीवरून सरकत आमच्याकडे आला.

अश्रुधूर म्हणजे नुसतं डोळ्यांत पाणी, अशी माझी समजूत होती. तसं नसतं. घशात कुणीतरी मिरचीची धुरी घातल्यासारखं होतं आणि डोळे उघडायचे म्हटलं तरी उघडत नाहीत. आम्ही पुन्हा वाडीत शिरलो. माझ्या एका चपलेचा अंगठा तुटला. एका तळमजल्याच्या दारातून कुणीतरी मला दंडाला धरून आत ओढलं. एक म्हातारी होती. तिने ओला पंचा माझ्या तोंडावर दाबला आणि पाण्याचा तांब्या हातात दिला. मी तो सगळा प्यायले. मग तिने एकेक फोडलेला कांदा आम्हा दोघांना दिला. कांदा नाकाशी धरून हुंगायचा असतो. काकांना काही दिसत नव्हतं, त्यांना वाटलं डोळ्यांना लावायचा आहे. त्यांनी तो दोन्ही डोळ्यांना चोळला. रस्ता मोकळा होईपर्यंत आम्ही दीड-दोन तास तिथेच अडकलो.

त्यानंतर काकांना मी हाताला धरून नेलं. असे आम्ही धोबी तलावापर्यंत आलो. तिथे थांबून म्हणाले, "आपण कार्ड घेतलंय ना?" मी हो म्हटलं. "मग चल."

आम्ही अकरा वाजून दहा मिनिटांनी पोचलो. मी अनवाणी होते, काकांचे डोळे टोमॅटोसारखे झाले होते आणि दोघांनाही कांद्याचा वास येत होता. हॉल अर्ध्याहून अधिक रिकामा होता. देखरेखीला एक वयस्क प्रोफेसर होते. त्यांनी घड्याळ बघितलं, कार्डं बघितली आणि आम्हाला बसवलं. नंतरही चारपाच जण आले, तेही रडतच. काहींना छापील कागद वाचता येईना. प्रोफेसरांनी नियमांचं पुस्तक उघडलं, थोडं चाळलं आणि मिटून ठेवलं. मग ते मधे उभे राहिले आणि शाळेत शुद्धलेखन सांगतात तसा प्रत्येक प्रश्न त्यांनी दोनदा मोठ्याने वाचून दाखवला. पाचव्या प्रश्नाशी रेघा मारलेला चेक होता. मी काकांकडे बघितलं. ते डोळे मिटून, मान एका बाजूला करून ऐकत होते.

माझे पहिले दोन प्रश्न चांगले गेले. तिसरा लिहीत असताना बाहेरून घोषणा ऐकू आल्या. मग ट्रकचा आवाज. आई त्या ट्रकमध्ये असण्याचं काही कारण नव्हतं, त्यांची तुकडी दुसऱ्या बाजूला गेली होती. तरी माझं लक्ष उडालं, आणि नंतर बघितलं तर एकच वाक्य मी लागोपाठ दोनदा लिहिलं होतं. चौथ्या प्रश्नाच्या सुमाराला म्हातारीच्या घरचा तांब्या आठवायला लागला. मी बराच वेळ सहन केलं. शेवटी उभी राहिले. प्रोफेसरांना काय झालं ते सांगायला मला शब्द सापडेना, पण ते समजले. त्यांनी शिपायाला बोलावलं. शिपायाने मला तीन जिने चढवून कॉलेजच्या रेक्टरांच्या घरी नेलं. रेक्टरांच्या पत्नी पूजेला बसल्या होत्या. त्यांची पूजा आटोपेपर्यंत थांबणं भाग होतं. मी परत येऊन बसले तेव्हा वीस मिनिटं गेली होती. पाण्याबाबत काकांचा सल्ला बरोबर होता.

सहावा प्रश्न मी सुरू केला आणि घंटा झाली.

पेपरबद्दल जिन्यात बोलायचं नाही, रस्त्यात बोलायचं नाही, घरी गेल्यावर पुस्तक उघडून बघायचं नाही, हा काकांचा शेवटचा नियम. आम्ही मुकाट चालत होतो. धूर विरला होता, रस्त्यात दगड आणि चपला पडल्या होत्या. मला त्यात माझ्या मापाची एखादी दिसते का, ते मी बघत होते. काका एकदम थांबले.

"सहाही झाले," ते म्हणाले.

"काय झाले?"

"प्रश्न. सहाही झाले. काहीतरी चुकलंय."

मी विचारलं, कसे झाले. काका म्हणाले, "लिहिलेलं दिसत नव्हतं. मागे काय लिहिलंय तेच दिसत नाही तर त्यात भर काय घालणार? म्हणून पुढे जात राहिलो. चेकवर दीड पान लिहिलं फक्त. त्या खटल्याचं नावसुद्धा नाही घातलं." त्यांचा आवाज अपराध्यासारखा होता.

आई आणि काकू त्या दिवशी घरी आल्या नाहीत. आमच्याकडे वडिलांनी पिठलं केलं आणि काका आमच्याकडे जेवले. वडिलांनी दोनदा खाली जाऊन शिंप्याकडे चौकशी केली. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी आल्या. पोलिसांनी त्यांना ट्रकमध्ये घालून ठाण्याच्याही पलीकडे नेलं होतं आणि रस्त्याच्या कडेला उतरवून दिलं होतं. तिथल्या एका गावातल्या लोकांनी भाकरी दिली, झोपायला देऊळ दिलं. आई खाटेवर बसली आणि तिने पहिल्यांदा विचारलं, "पेपर कसा गेला?"

मी म्हटलं, "एक प्रश्न राहिला."

"आमचंही तसंच झालं," आई म्हणाली. "तुरुंगापर्यंत नेलंच नाही."

तीन महिन्यांनी निकाल लागला. फोर्टात एका इमारतीच्या आत फळ्यावर नंबरांची यादी लावत. काका आणि मी जेवणाच्या सुट्टीत गेलो. मी आधी माझा नंबर शोधला. दोन पेपरांच्या यादीत होता, कायद्याच्या यादीत नव्हता. मग काकांचा शोधला. तो होता. काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मग खालून वर वाचली. स्वतःच्या नंबरावर ते थांबले नाहीत. माझाच शोधत होते.

घरी आल्यावर ते काकूंना म्हणाले, "हिचा राहिला."

काकूंनी विचारलं, "आणि तुमचा?"

"माझा झाला."

त्यांनी पेढे आणले नाहीत. चाळीने समजायचं ते समजून घेतलं. आठव्यांदा, असं म्हणून कोणी विषय काढला नाही, आणि काकांनीही कोणाला काही सांगितलं नाही. मी एकदा म्हटलं, "तुम्ही सांगत का नाही लोकांना?" ते म्हणाले, "घाई काय आहे? सात वर्षं नापास होतो, आणखी एक वर्ष राहीन."

मला त्यांचा राग आला होता. खरं सांगायचं तर त्यांच्या पास होण्याचा आला होता, आणि त्याची लाज वाटत होती म्हणून जास्तच आला होता. दोन-तीन महिने मी अभ्यासाचं नाव काढलं नाही. बँकेतून आले की आईला मदत करायची, पहाटे उठायचं नाही. काकांनी एकदाही विचारलं नाही. त्यांना त्यांच्या बँकेत आता हात असलेली खुर्ची मिळाली होती. निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते, म्हणून पद दिलं नाही, खुर्ची दिली. ते म्हणायचे, हात कुठे ठेवायचे ते समजत नाही.

मग एक दिवस पहाटे गॅलरीत बाक सरकवल्याचा आवाज आला. मी पडून राहिले. थोड्या वेळाने उठून दार उघडलं. काका बाकाच्या एका टोकाला बसले होते आणि एका कागदावर प्रश्न लिहीत होते. त्यांनी वर बघितलं नाही. "आठ झाले की देतो," एवढंच म्हणाले. मी तोंड धुऊन आले आणि बसले. मला वाटतं त्या वर्षी मी जी उत्तरं लिहिली, त्यातली निम्मी त्यांनी मधेच हातातून काढून घेतली. अर्धा तास झाला की वही ओढायचे. मी वाक्य पुरं करू द्या म्हटलं तर ऐकायचे नाहीत.

पुढच्या परीक्षेला ट्राम चालू होत्या. काका रजा काढून माझ्याबरोबर आले. मी म्हटलं, तुम्हाला आत सोडणार नाहीत. ते म्हणाले, "माहीत आहे. मी आत जाऊन कंटाळलोय." ते कॉलेजच्या बाहेरच्या पायऱ्यांवर तीन तास बसले. मी बाहेर आले तेव्हा त्यांनी पेपर कसा गेला ते विचारलं नाही. आम्ही समोरच्या इराण्याकडे गेलो. चहा सांगितल्यावर त्यांनी मेनूच्या पाटीकडे बघत विचारलं, "ब्रून-मस्का मागवू का?"

मी म्हटलं, "सहाही झाले."

"मग मागवतो," काका म्हणाले.

निकाल लागला तेव्हा त्यांनी पेढ्यांचे दोन पुडे आणले आणि स्वतः चाळीत वाटत फिरले. शिंप्याने विचारलं, "हे हिचे ना?"

"एक पुडा हिचा. एक माझा."

"तुमचा कसला?"

"मी पास झालो. मागच्या वर्षी."

शिंप्याने पेढा तोंडात टाकला, नीट चघळला आणि म्हणाला, "ताजा लागतोय."

बँकेने मला ऑफिसर करायला आणखी दोन वर्षं लावली. तोपर्यंत मुंबईसह महाराष्ट्र झाला होता. माझी बदली दादरच्या शाखेत झाली. पहिल्या दिवशी मला काचेच्या तावदानामागची एक खोली दिली, टेबल दिलं आणि टेबलावर घंटा. साडेदहाच्या सुमाराला लालबागच्या बाजूचे एक गृहस्थ आले, गिरणीत मास्तर होते. हातात मृत भावाच्या खात्याचे कागद होते. त्यांनी मला बघितलं आणि बाहेरच्या बाकावर बसले. मी शिपायाला विचारलं, त्यांना आत का पाठवत नाही. शिपाई म्हणाला, "ते म्हणतात साहेब येऊ देत."

पाऊण तासाने मीच बाहेर गेले. ते उठून उभे राहिले.

"बाई, साहेब कधी येतील?"

"आलेत," मी म्हटलं. "या आत."

ते माझ्या मागे माझ्या खोलीत आले. खुर्चीवर बसले, दाराकडे एकदा बघितलं आणि मग कागद माझ्यासमोर ठेवले. तो कायदा मला पाठ होता. त्यांचं काम वीस मिनिटांत झालं.